माहितीपट पाहताना आधी हे विचारा: बोलतंय कोण?

हल्ली घराघरात मोबाईलवर ‘डॉक्युमेंटरी’ या नावाखाली काही ना काही चालू असतं. कधी एखाद्या जुन्या इमारतीवर, कधी वक्फच्या जमिनीवर, तर कधी थेट आपल्याच वस्तीवर. मागे गंभीर संगीत, भारदस्त आवाज, दोन-चार जुने फोटो. फॅमिली ग्रुपवर असा व्हिडिओ आला की काही जण न पाहताच पुढे पाठवतात आणि काही जण न पाहताच चिडतात. मुलांचा प्रश्न मात्र सरळ असतो: डॉक्युमेंटरी आहे म्हणजे खरंच असणार ना?

याचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ इतकं सोपं नाही. माहितीपटातली माणसं खरी असतात, जागा खऱ्या असतात. पण कॅमेरा कुठे ठेवायचा, कुणाला बोलू द्यायचं आणि काय कापायचं हे कुणीतरी ठरवलेलं असतं. हे ठरवण्याच्या रीती वेगवेगळ्या आहेत. त्या ओळखता आल्या तर आपण ना भोळे राहतो, ना उगाच संशयी.

सुरुवातीपासूनचाच पेच

आपल्याकडे या परंपरेची सुरुवात मुंबईतच झाली. सावेदादा म्हणजे हरिश्चंद्र भाटवडेकर यांनी १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचं चित्रण केलं. समोर जे घडलं ते टिपलं, इतकाच तो मामला होता.

पण कथा सांगायची म्हटलं की गुंतागुंत आली. रॉबर्ट फ्लाहर्टी यांचा १९२२ चा ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ हा उत्तर कॅनडातल्या इनुइट लोकांवरचा माहितीपट जगभर गाजला. त्या काळापर्यंत तिथले शिकारी बंदूक वापरू लागले होते. फ्लाहर्टींनी त्यांना जुन्या पद्धतीने शिकार करायला लावली. बर्फाच्या घरात उजेड यावा म्हणून अर्धं उघडं घर बांधून घेतलं. माणसं खरी, बर्फ खरा, मेहनत खरी. पण दाखवलेला काळ मागचा. बाहेरच्या माणसाला ‘ते लोक’ जसे पाहायचे होते, तसे ते पडद्यावर आले. हा पेच आजही सुटलेला नाही.

आकाशवाणीसारखा आवाज

अमेरिकी अभ्यासक बिल निकल्स यांनी माहितीपटांच्या सहा रीती सांगितल्या आहेत: निवेदनाची, निरीक्षणाची, सहभागाची, काव्यात्म, स्वतःचीच तपासणी करणारी आणि ‘मी’च्या अनुभवातून बोलणारी. एकाच माहितीपटात दोन-तीन रीती मिसळलेल्याही असतात.

आपल्या सर्वात ओळखीची रीत निवेदनाची. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट आमच्या आधीच्या पिढीने थिएटरात मुख्य सिनेमाच्या आधी पाहिले. धरण, लसीकरण, शेती, आणि वरून एक ठाम आवाज. चेहरा न दिसणारा हा आवाज सांगतो आणि चित्रं फक्त त्याला दुजोरा देतात. माहिती पोहोचवायला ही रीत उपयोगाची आहे, शाळेत आम्हीही वापरतो. धोका एवढाच की आवाज ठाम असला की पुरावा मागायचं आपण विसरतो. फिल्म्स डिव्हिजनच्या मागे निदान सरकारचं नाव होतं. मोबाईलवरच्या व्हिडिओने तोच आवाज उचलला आणि नाव मात्र गाळलं. आता तर तो आवाज संगणकाने तयार केलेलाही असू शकतो.

प्रश्न विचारणारा कॅमेरा

दुसऱ्या रीतीत दिग्दर्शक लपत नाही. तो माणसांमध्ये जातो, प्रश्न विचारतो, वाद घालतो. आनंद पटवर्धन यांचा १९९२ चा ‘राम के नाम’ हे याचं मोठं उदाहरण. बाबरी मशीद पाडली जाण्याआधीची अयोध्या त्यात आहे. पटवर्धन कारसेवकांशी बोलतात, तिथल्या मुस्लिम रहिवाशांशी बोलतात आणि न्यायालयाने नेमलेले पुजारी लालदास यांच्याशीही बोलतात. मंदिराच्या राजकारणावर लालदास यांनी उघड टीका केली होती. १९९३ मध्ये त्यांची हत्या झाली. या माहितीपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तरी दूरदर्शनवर दाखवण्यासाठी न्यायालयात जावं लागलं.

पटवर्धन तटस्थ असल्याचा आव आणत नाहीत. त्यांची बाजू आपल्याला कळते, म्हणून ती तपासताही येते. बाजू असणं हा दोष नाही. बाजू लपवणं हा दोष आहे.

मालेगाव: बातमीतलं आणि माणसांचं

२००६ आणि २००८ च्या बॉम्बस्फोटांनंतर देशाला मालेगाव माहीत झालं ते बातम्यांतून. पोलीस, तपास, अटक, तणाव. त्याच काळात फैजा अहमद खान यांनी तिथे ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला. नासिर शेख आणि त्यांचे मित्र तुटपुंज्या पैशात ‘मालेगाव का सुपरमॅन’ बनवत आहेत आणि कॅमेरा त्यांच्या मागे फिरतो. सायकलवर बसून चित्रण, कपड्याचा हिरवा पडदा, यंत्रमागावर काम करणारे शफीक शेख सुपरमॅनच्या वेषात. बहुतेक बोलणं त्यांचंच.

‘मुसलमान गरीब आहेत’ किंवा ‘मुसलमान चांगले आहेत’ असं इथे कुणी वरून सांगत नाही. आपण फक्त पाहतो: विनोद, भांडणं, उधारी, सिनेमाचं वेड. ही निरीक्षणाची रीत. शफीक यांचं पुढे कर्करोगाने निधन झालं, म्हणून आज तो हसरा माहितीपट पाहताना मन भरून येतं. नासिर यांच्या जीवनावर रीमा कागती यांचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ हा कथापट २०२५ मध्ये थिएटरात आला. मुलांना फरक शिकवायला ही जोडी फार चांगली आहे. एकात खरे नासिर आणि शफीक आहेत, दुसऱ्यात त्यांची भूमिका करणारे नट. ‘सत्य घटनेवर आधारित’ असं लिहिलेला सिनेमा म्हणजे माहितीपट नव्हे, हे एकदा नीट समजलं की पुढचे कितीतरी वाद टळतील.

घारींच्या निमित्ताने दिल्ली

शौनक सेन यांच्या ‘ऑल दॅट ब्रीद्स’ या २०२२ च्या माहितीपटात दिल्लीच्या वजीराबादमधले नदीम आणि सऊद हे दोन भाऊ जखमी घारींवर उपचार करतात. पोटासाठी साबणाचे डिस्पेन्सर बनवायचे आणि त्याच तळघरात पक्ष्यांचे पंख सांधायचे. कॅमेरा संथ, बोलणं कमी, कचरा-उंदीर-धूर यांचीच एक कविता. नागरिकत्व कायद्याविरुद्धची आंदोलनं आणि २०२० ची दिल्लीतली दंगल पार्श्वभूमीला ऐकू येते, भाषण कुठेच नाही. सनडान्स आणि कान दोन्हीकडे त्याला पुरस्कार मिळाले. या काव्यात्म रीतीत माहिती कमी मिळते, पण त्या घरातली काळजी आपल्याला लागते.

‘मी’च्या रीतीचं उदाहरण पॅलेस्टाईनचं. बिलीन गावचे शेतकरी इमाद बर्नात यांनी मुलाच्या जन्माच्या वेळी कॅमेरा घेतला आणि गावाच्या जमिनीचा लढा टिपत गेले. एकामागून एक पाच कॅमेरे तुटले. इस्रायली सहदिग्दर्शक गाय डेव्हिडी यांच्यासोबत त्यांनी केलेल्या माहितीपटाचं नावच ‘फाइव्ह ब्रोकन कॅमेराज’. इथे बाहेरचा माणूस गावाबद्दल बोलत नाही. गावकरी स्वतः बोलतो.

हेतू चांगला असूनही

हेतू चांगला असला की सगळं बरोबर, असंही नाही. बुंदेलखंडातल्या ‘खबर लहरिया’च्या दलित महिला पत्रकारांवरचा ‘रायटिंग विथ फायर’ ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. २०२२ मध्ये खुद्द ‘खबर लहरिया’ने जाहीर केलं की माहितीपट प्रभावी आहे, पण एकाच पक्षाच्या वार्तांकनावर भर दिल्यामुळे त्यांच्या कामाचं पूर्ण चित्र त्यात आलेलं नाही. कौतुक करणाऱ्या माहितीपटातल्या माणसांनाही हे म्हणायचा हक्क आहे.

यावर एक जुना उपाय आहे. १९६१ मध्ये जाँ रूश आणि एदगार मोरँ यांनी पॅरिसमधल्या माणसांवर ‘क्रॉनिकल ऑफ अ समर’ हा माहितीपट केला. केलेलं चित्रण त्यांनी त्याच माणसांना दाखवलं, त्यांची नाराजी ऐकली आणि ती चर्चाही माहितीपटात घातली. स्वतःची तपासणी करणारी रीत ती हीच.

घरात आणि दारात

मग आपण काय करायचं? पुढचा व्हिडिओ मुलांसोबत बसून पाहावा आणि मध्ये थांबवून विचारावं: बोलतंय कोण? त्याचं नाव दिलंय का? ज्यांच्याबद्दल बोललं जातंय, ते स्वतः किती वेळ बोलले? संगीत बंद केलं तर काय उरतं? हे प्रश्न आपल्याविरुद्धच्या व्हिडिओला लावायचे, तसेच आपल्या बाजूच्या व्हिडिओलाही. आपल्याला आवडणारं ते खरं आणि न आवडणारं ते खोटं, ही तरबियत मुलांना द्यायची नाही.

आणि उद्या कुणी कॅमेरा घेऊन आपल्या मोहल्ल्यात आलं, तर दार लावून घेऊ नये. नाव, काम आणि हेतू विचारावा. आपलं बोलणं कुठे वापरणार, निवेदन कुणाचं असेल, प्रदर्शनाआधी आम्हाला दाखवाल का, हेही विचारावं. पटलं नाही तर नकार द्यायला संकोच नको.

सावेदादांच्या काळात कॅमेरा विलायतेहून मागवावा लागे. आज तो आपल्या मुला-मुलींच्या खिशात आहे. दादीच्या आठवणी, यंत्रमागावरचा दिवस, मदरशातल्या मुलांचा क्रिकेटचा सामना: सुरुवातीला एवढं पुरे. आपली हकीकत आपण सांगितली नाही, तर ती दुसरं कुणीतरी सांगणारच आहे, स्वतःच्या आवाजात.