ग्रंथपालाने सायकलीवर का बसू नये?

ग्रंथपालांनी एकत्र जमून सायकलीवरून प्रवास करावा, ही कल्पना आमच्याकडे निघाली की तिचे स्वागत बहुधा हसण्याने होते. सायकल पोस्टमनने चालवावी, दूधवाल्याने चालवावी. ग्रंथपालाची जागा टेबलामागे. ज्याला पुस्तक हवे असेल तो येईल, असे लोक म्हणतात. हा केवळ विनोद असता तर आम्ही त्याची दखल घेतली नसती. परंतु पुस्तकाची गरज वाचकाला असते, ग्रंथालयाला वाचकाची नसते, ही जी समजूत त्याच्या बुडाशी आहे, तिने आमची कित्येक ग्रंथालये कुलूप न लावताही बंद पाडली आहेत. म्हणून तिचा समाचार घेणे प्राप्त आहे.

प्रथम पुरावा पाहू. २०११ साली फिनलंडमधील काही ग्रंथपालांच्या पुढाकाराने निरनिराळ्या देशांतील ग्रंथपाल कोपनहेगनहून बर्लिनला सायकलीवरून गेले. वाटेतली ग्रंथालये पाहावयाची, तेथल्या माणसांशी बोलावयाचे आणि आपल्या व्यवसायाची चर्चा सभागृहाऐवजी रस्त्यावर करावयाची, असा त्यांचा परिपाठ होता. पुढल्या वर्षी अशीच मंडळी व्हिल्नियसहून टालिनला गेली. हे युरोपियनांचे चोचले, असे ज्यांना वाटते त्यांनी आपले घर तपासावे. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बोर्डन यांना बोलावून बडोदे संस्थानात ग्रंथालयांची जी घडी बसविली, तीत पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरत. १९३१ साली तमिळ मुलखातील मन्नारगुडीस बैलगाडीतून ग्रंथालय हिंडू लागले. बैलगाडीची लाज ज्या देशाला वाटली नाही, त्याला सायकलीची का वाटावी?

आमची सूचना अशी की, गोवा, कोकण व महाराष्ट्र येथील ग्रंथपालांनी मिळून असा एक दिवस उज्जैनीत काढावा. उज्जैनीतच का, हा प्रश्न रास्त आहे. दौलतरावांनी १८१० साली आपले ठाणे ग्वाल्हेरीस नेईपर्यंत ही शिंद्यांची राजधानी होती. महाकालेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार राणोजींचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी केला, ते मूळचे कोकणचे. गोपाळ मंदिर बायजाबाईंनी बांधविले. जयसिंगाच्या वेधशाळेची दुरुस्ती १९२३ साली माधवराव शिंद्यांच्या काळात झाली. १९३१ साली स्थापन झालेल्या सिंधिया प्राच्यविद्या संस्थेत हजारो हस्तलिखिते आहेत. आपल्या माणसांनी जिथे इतके उभे केले, तिथे आपले ग्रंथपाल देवदर्शन उरकून गाडी पकडतात, ही गोष्ट भूषणावह नाही. शिवाय शहर माळव्याच्या पठारावर असल्यामुळे ही सारी ठिकाणे सायकलीच्या आवाक्यात आहेत. हिवाळ्यातला एक दिवस त्यांना पुरेल.

मात्र तो दिवस केवळ देवळे व वाडे पाहण्यात घालवू नये. सकाळी हस्तलिखिते पाहावी, कारण जपणूक काय असते ते तिथे कळते. दुपारी भैरवगडास जावे. तेथे कापडावर छपाई करणाऱ्या कारागिरांची वस्ती आहे. त्यांना विचारावे की तुमच्या धंद्यावरचे, तुम्हांला वाचता येईल असे एखादे पुस्तक कधी तुमच्या हाती आले काय? ज्या भागांत एके काळी गिरण्यांचे भोंगे वाजत, त्या भागांत थांबून विचारावे की कामावरून सुटल्यावर जाता येईल असे वाचनालय तुमच्या वाटेवर आहे काय? बायकांना निराळे विचारावे, कारण संध्याकाळी सात वाजता वाचनालयात बसणे सोपे की अवघड, हे त्यांच्यावाचून कोणी सांगू शकत नाही. शेवटी सांदीपनींच्या आश्रमाजवळच्या अंकपातास यावे. श्रीकृष्णाने आपली पाटी तिथे धुतली अशी आख्यायिका आहे. तिथे बसून दिवसभराची उत्तरे नोंदवहीत उतरवावी. आपल्या गावी हेच प्रश्न आपण कोणाला विचारले नाहीत, हे लिहिता लिहिता प्रत्येकाच्या ध्यानी आल्यावाचून राहणार नाही.

आता कायद्याचा आक्षेप. सायकल फिरवून ग्रंथालये सुधारत नाहीत, त्याला कायदा व पैसा लागतो, असे आमचे काही व्यवसायबंधू म्हणतात. अर्धे म्हणणे आम्हांस मान्य आहे. मद्रासने १९४८ सालीच ग्रंथालयाचा कायदा करून त्याच्यासाठी स्वतंत्र कर बसविला. महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा. त्यात असा कर नाही, सारी भिस्त अनुदानावर. गोव्याचा कायदा १९९३ चा. मध्यप्रदेशातून २००० साली वेगळ्या झालेल्या छत्तीसगडाने २००८ साली कायदा केला, तेव्हा मूळ राज्याचा असा कायदा नव्हता. पण कायदा आकाशातून पडत नाही. केरळात पी. एन. पणिक्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली कासरगोड व पारश्शाला या दोन टोकांमध्ये पदयात्रा काढून वाचनाचा प्रचार केला. तेथे १९८९ साली कायदा झाला. एकामुळेच दुसरे झाले, असा दावा आम्ही करणार नाही. तथापि मागणी रस्त्यावर उभी राहिल्यावाचून ती सभागृहात शिरत नाही, एवढे कबूल करण्यास वकिलाची गरज नाही.

या सूचनेचे खरे शत्रू निराळेच आहेत. फलक, टोप्या, पाहुण्यांची भाषणे आणि छायाचित्रे एवढ्यात ही सहल संपली, तर हसणारे बरोबर ठरतील. म्हणून आमच्या तीन अटी आहेत. प्रत्येक सायकलीवर पुस्तके असावी व ती वाटेत वाचावयास द्यावी. जमलेल्या उत्तरांवरून एक लेखी निवेदन तयार करून ते तेथील महानगरपालिकेस द्यावे. आणि परतल्यावर प्रत्येकाने आपल्या गावासाठी तसेच निवेदन करावे.

याखेरीज एक अट संस्थाचालकांना उद्देशून आहे. अनुदानावर चालणाऱ्या लहान वाचनालयातला ग्रंथपाल तुटपुंज्या वेतनावर राबतो. त्याने या दिवसासाठी रजा मागावी, पदरचे भाडे भरावे आणि परत येऊन टोमणे ऐकावे, हा न्याय नव्हे. वाचकाच्या शोधात घालविलेला दिवस हा कामाचा दिवस मानला जावा, त्याचा प्रवासखर्च संस्थेने द्यावा, आणि तशी नोंद तिच्या वार्षिक अहवालात व्हावी. हे मान्य करण्यासाठी विधिमंडळाची वाट पाहण्याचे कारण नाही. कार्यकारी मंडळाच्या पुढल्या सभेत एक ठराव पुरे आहे. तो कोणकोणत्या संस्था करतात, ते आम्ही पाहणार आहोत.