फुकटचे २ टीबी संपतील तेव्हा घरची हार्ड डिस्क उघडेल का?

३० ऑक्टोबर २०२५ ला जिओ आणि गुगलने मिळून एक ऑफर जाहीर केली. अनलिमिटेड ५जी प्लॅन असेल तर गुगल एआय प्रो १८ महिने फुकट. सुरुवात १८ ते २५ वयाच्या ग्राहकांपासून झाली. या सगळ्याची किंमत ३५,१०० रुपये असल्याचं सांगितलं गेलं. चर्चा जेमिनीची झाली, पण ऑफरमध्ये आणखी एक मोठी गोष्ट होती: २ टीबी क्लाउड स्टोरेज.

आता साधा हिशोब करू. ज्यांनी पहिल्याच आठवड्यात ऑफर घेतली, त्यांचे १८ महिने एप्रिल-मे २०२७ मध्ये भरतात. ३५,१०० ला १८ ने भागलं की महिन्याचे १,९५० रुपये येतात. फक्त स्टोरेजचा साधा प्लॅन यापेक्षा स्वस्त पडतो, पण त्यासाठीही पैसे भरत राहावे लागतात. काहीच भरलं नाही तर तुम्ही परत १५ जीबीवर येता. जून २०२१ पासून गुगल फोटोज याच १५ जीबीत मोजले जातात, आणि आता अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअॅप बॅकअपसुद्धा. मर्यादा ओलांडली की नवीन फोटो चढत नाहीत आणि जीमेलवर मेल येणं थांबतं. दोन वर्षं तसंच राहिलं तर गुगल तुमचा डेटा काढून टाकू शकतं, हे त्यांच्या नियमातच आहे.

म्हणून बरेच जण दुसरा रस्ता धरतात. घरातली जुनी हार्ड डिस्क घ्यायची, रास्पबेरी पायसारख्या छोट्या कॉम्प्युटरला जोडायची आणि घरचंच क्लाउड बनवायचं. ‘इमिच’सारखं मोफत सॉफ्टवेअर टाकलं की फोनमधले फोटो वायफायवरून आपोआप डिस्कवर जातात. कल्पना चांगलीच आहे. अडचण येते ती पुढे.

हसनाबादमध्ये लाईट जाते तेव्हा

जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातलं हसनाबाद घ्या. समजा, तिथल्या एका घरात असा सेटअप चालू आहे. डिस्कवर बहिणीच्या लग्नाचे फोटो आहेत, राजूरच्या गणपतीला गेलो होतो तेव्हाचे व्हिडिओ आहेत, आजोबांचा आवाज आहे. मे महिन्यातली संध्याकाळ. वारं सुटतं, लाईट जाते, येते, परत जाते. सकाळी बघितलं तर फोनमध्ये फोटो उघडत नाहीत. घाबरून डिस्क विंडोज लॅपटॉपला लावली, तर तो विचारतो: ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का?

फोटो या एका क्लिकने जाऊ शकतात. खरं तर त्या खिडकीचा अर्थ ‘डिस्क मेली’ असा नसतो. रास्पबेरी पाय लिनक्सवर चालतो आणि लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टीम ‘ईएक्सटी४’ विंडोजला वाचता येत नाही. त्यामुळे अगदी ठणठणीत डिस्क लावली तरी विंडोज फॉरमॅटचा प्रश्न विचारू शकतो.

गावाकडच्या भाषेत सांगायचं तर डिस्क म्हणजे शिवार. पार्टिशन टेबल म्हणजे गटांचा नकाशा, आणि फाइल सिस्टीम म्हणजे सातबाऱ्याचं दप्तर: कुठली फाइल कुठे आहे याची नोंद. तलाठ्याकडचं दप्तर भिजलं म्हणून जमीन वाहून जात नाही. पण नवीन दप्तर लिहून त्याच जमिनीवर दुसऱ्यानं पेरणी केली, तर जुनं पीक परत मिळत नाही. फॉरमॅट करून वर नवीन डेटा टाकणं म्हणजे नेमकं हेच.

आधी वीज तपासा

पार्टिशन दिसत नाही म्हटलं की सगळे सॉफ्टवेअरमध्ये डोकं घालतात. अनेकदा दोष चार्जरचा असतो. रास्पबेरी पाय ४ च्या चारही यूएसबी पोर्टमधून मिळून फक्त १.२ अँपिअर करंट मिळतो. पाय ५ ला ५ व्होल्ट, ५ अँपिअरचा अॅडॉप्टर असेल तर १.६ अँपिअर मिळतो. साधा ३ अँपिअरचा लावला तर तो यूएसबीला ०.६ अँपिअरवर आणून ठेवतो. छोटी २.५ इंची डिस्क फिरायला सुरुवात करताना एक अँपिअरच्या आसपास खेचू शकते. म्हणजे डिस्क सुरू होते, धापा टाकते आणि गायब होते.

‘माझा फोनचा चार्जर ६७ वॉटचा आहे’ हे इथे कामाचं नाही. फास्ट चार्जर जास्तीची ताकद बहुतेक वेळा जास्त व्होल्टवर देतो. पायला हवेत ५ व्होल्टच. स्क्रीनवर विजेचं चिन्ह किंवा ‘अंडर-व्होल्टेज’ असा इशारा दिसला तर व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलंय, असं समजा. उपाय सोपा: पायसाठीचाच अॅडॉप्टर, आणि डिस्कसाठी स्वतंत्र वीज घेणारा यूएसबी हब. राउटरचा छोटा यूपीएस मात्र थेट लावू नका. तो बहुतेक १२ व्होल्टचा असतो.

तीन प्रश्न, याच क्रमाने

वीज ठीक असेल तर टर्मिनल उघडा आणि ‘एलएसबीएलके’ ही कमांड द्या (छोट्या इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता). ही फक्त यादी दाखवते, काही बदलत नाही.

पहिला प्रश्न: डिस्क यादीत आहे का? नसेल तर दोष केबल, वीज किंवा डिस्कच्या डबीचा आहे. केबल बदला, दुसरा पोर्ट बघा.

दुसरा प्रश्न: डिस्कच्या नावाखाली पार्टिशन दिसतंय का? डिस्क आहे पण पार्टिशन नाही, म्हणजे गटांचा नकाशा बिघडलाय. डिस्क ‘जीपीटी’ पद्धतीची असेल तर नकाशाची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. ‘टेस्टडिस्क’ हे मोफत सॉफ्टवेअर हरवलेली पार्टिशन शोधून परत लिहू शकतं.

तिसरा प्रश्न: पार्टिशनसमोर फोल्डरचा पत्ता आहे का? नसेल तर ते फक्त माउंट झालेलं नाही, म्हणजे जोडलेलं आहे पण उघडलेलं नाही. डिस्क विंडोजमधून आली असेल तर एक नेहमीचं कारण असतं. विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असलं की शटडाउन करूनही डिस्क अर्धवट झोपलेली राहते. मग लिनक्स ती उघडत नाही, किंवा फक्त वाचायला देतो. डिस्क परत विंडोजला लावा, फास्ट स्टार्टअप बंद करा, ‘सेफली रिमूव्ह’ करून काढा. एनटीएफएसची दुरुस्तीही विंडोजच्या ‘चेकडिस्क’नेच केलेली बरी.

रिकाम्या फोल्डरचा सापळा

हा प्रकार फार कमी लोकांना माहीत असतो. डिस्क जिथे उघडते ते फोल्डर पायच्या मेमरी कार्डवर आधीपासून असतं. रात्री डिस्क निसटली तरी फोल्डर तिथेच राहतं, आणि फोनमधून येणारे फोटो निमूटपणे मेमरी कार्डवर साठत जातात. चार दिवसांनी कार्ड भरतं आणि पाय अडकतो. डिस्क परत जोडली की मधल्या दिवसांचे फोटो ‘गायब’. ते गेलेले नसतात, डिस्कच्या मागे झाकले गेलेले असतात. डिस्क अनमाउंट करा, म्हणजे दिसतील.

डिस्क जोडण्याची नोंद करतानाही दोन गोष्टी पाळा. ‘एफएसटॅब’ या फाइलमध्ये डिस्कची नोंद ‘एसडीए१’ अशा नावाने करू नका, कारण दोन डिस्क असतील तर ही नावं बदलू शकतात. प्रत्येक पार्टिशनला कायमचा क्रमांक असतो, ‘यूयूआयडी’, तो वापरा. सोबत ‘नोफेल’ हा शब्द जोडा. तो नसेल आणि डिस्क लागली नाही, तर पाय नीट सुरूच होत नाही.

कुठली फाइल सिस्टीम?

कायम पायलाच लागणाऱ्या डिस्कला ईएक्सटी४ घ्या. ती बदल करण्याआधी ‘जर्नल’मध्ये नोंद करते, त्यामुळे अचानक लाईट गेली तरी सावरण्याची शक्यता जास्त. एक्सफॅट फोन, विंडोज, लिनक्स सगळीकडे चालते, पण तिला जर्नल नाही. वारंवार लाईट जाते तिथे हा फरक मोठा आहे. डिस्कवर आधीच फोटो असतील, तर फाइल सिस्टीम बदलण्याआधी ते दुसरीकडे कॉपी करा.

‘एफएससीके’ ही दुरुस्तीची कमांड माउंट असलेल्या पार्टिशनवर कधीही चालवू नका. आणि डिस्कमधून टकटक आवाज येत असेल किंवा ‘आय/ओ एरर’ दिसत असतील, तर दुरुस्ती बाजूला ठेवा. आधी ‘डीडीरेस्क्यू’ने दुसऱ्या डिस्कवर पूर्ण प्रत काढा, मग त्या प्रतीवर प्रयोग करा.

मग भरवसा कशावर?

घरचं क्लाउड फुकट नाही. एआयच्या डेटा सेंटरनी मेमरी चिपची मागणी वाढवली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये रास्पबेरी पाय ५ चं ८ जीबी मॉडेल ८० वरून ९५ डॉलरवर गेलं. ज्या एआयच्या लाटेवर आपल्याला २ टीबी फुकट मिळाले, तिनेच घरचा पर्याय महाग केला. फक्त फाइल साठवायच्या असतील तर कमी रॅमचं मॉडेल पुरतं.

आणि एक डिस्क म्हणजे बॅकअप नाही. फोटो दोन जागी हवेत, त्यातली एक जागा घराबाहेरची. ऑफर चालू आहे तोपर्यंत क्लाउड ही दुसरी जागा आहे, म्हणून घाईने काही काढून टाकू नका. आजच ‘गुगल टेकआउट’ने फोटो उतरवायला घ्या, डिस्कवर टाका, आणि एकदा मुद्दाम डिस्क काढून परत लावून बघा. फोटो उघडले तर पुढच्या वादळाची फार काळजी नको. नाही उघडले तरी क्लाउडवर प्रत आहे तोवर दुरुस्ती शिकून घ्यायला वेळ आहे.