स्टॉपवॉच कुणाच्या हातात?

घरी लग्नकार्य असलं की एक प्रश्न ठरलेला. "कुठल्या ब्रँचला आहेस?" मेकॅनिकल, कॉम्प्युटर असं उत्तर आलं की मान डोलते. "इंडस्ट्रियल" म्हटलं की पुढचा प्रश्न येतोच, "म्हणजे नक्की काय करतात रे त्यात?" मित्रांनो, खरं सांगतो, तीन वर्षं मलाही याचं नीट उत्तर देता येत नव्हतं. ते मिळालं एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात, ड्रिलिंग मशीनवरच्या एका काकांकडून.

वर्क स्टडीच्या प्रोजेक्टसाठी आम्ही चौघं तिथे गेलो होतो. हातात पॅड, पेन, स्टॉपवॉच आणि चेहऱ्यावर साहेबी थाट! दोन दिवस काकांच्या कामाची वेळ मोजली आणि रेटिंगच्या रकान्यात बिनधास्त लिहून टाकलं, 'ऑपरेटर संथ'. तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी काका म्हणाले, "पोरा, घड्याळ आधी खिशात ठेव. मग काय विचारायचं ते विचार." विचारलं. तेव्हा कळलं की मालाचा ट्रे जमिनीवर असतो आणि प्रत्येक पीससाठी त्यांना वाकावं लागतं. दोन वर्षं ते एक साधं स्टँड मागत होते. आमच्या आधी घड्याळ घेऊन जे आले, ते टार्गेट वाढवून गेले. स्टँड काही आलं नाही.

आमच्या विषयाचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास या दोन वाक्यांत आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

हा इतिहास आपण व्हायवापुरता पाठ करतो. फ्रेडरिक टेलर, १८५६ ते १९१५, 'फादर ऑफ सायंटिफिक मॅनेजमेंट', संपलं! पण टेलरने सांगितलेली बेथलेहेम स्टीलची गोष्ट जरा आकडे घेऊन वाचा. तिथे एक मजूर दिवसाला साडेबारा टन कच्चं लोखंड वॅगनमध्ये चढवायचा. टेलरच्या पद्धतीने तो साडेसत्तेचाळीस टन चढवू लागला. मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलर झाली. आता कॅल्क्युलेटर काढा. काम ३.८ पट, मजुरी १.६ पट. मधला फरक कुठे गेला? वर टेलरने आपल्या १९११ च्या पुस्तकात अशा मजुराच्या बुद्धीची तुलना बैलाशी केली. ही गोष्ट त्याने बरीच तिखटमीठ लावून सांगितली होती, हे पुढे १९७४ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं. आमच्या नोट्समध्ये ते अजून पोचलेलं नाही.

टेलरचं श्रेय नाकारायचं नाही. काम अंदाजाने नाही तर मोजून ठरवावं, हे त्याने शिकवलं. पण मोजताना त्याने माणसाला विचारलं नाही, आणि त्याची किंमत या व्यवसायाने मोजली. ऑगस्ट १९११ मध्ये अमेरिकन सैन्याच्या वॉटरटाउन शस्त्रागारात एका मोल्डरने स्वतःच्या कामाची वेळ मोजू द्यायला नकार दिला. त्याला काढून टाकलं, तेव्हा फाउंड्रीतले त्याचे सोबती बाहेर पडले. प्रकरण थेट अमेरिकन काँग्रेसच्या चौकशी समितीपर्यंत गेलं, टेलरची साक्ष झाली, आणि १९१५ पासून सैन्याच्या कारखान्यांत स्टॉपवॉचवर बंदी आली. ती उठली १९४९ मध्ये! एखाद्या इंजिनीअरच्या हत्यारावर कायद्याने बंदी आली, असं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही.

हे सगळं तिकडेच घडलं असं समजू नका. १९२८ मध्ये आपल्या मुंबईत गिरण्यांचा सहा महिने संप झाला. सुमारे दीड लाख कामगार रस्त्यावर होते. त्यामागे 'रॅशनलायझेशन' हे एक मोठं कारण होतं. म्हणजे दोन माग सांभाळणाऱ्याने तीन सांभाळायचे आणि उरलेल्यांनी घरी बसायचं. कागदावर एफिशियन्सी वाढली, पण चाळीतल्या चुलीचं काय, हे गणितात नव्हतंच.

मग हा विषयच वाईट का? मुळीच नाही. कारण याच काळात फ्रँक गिलब्रेथ नावाचा गवंडीकाम करून वर आलेला माणूस होता. गवंडी प्रत्येक विटेसाठी वाकतो, हे त्याने पाहिलं आणि उंची बदलता येईल अशी पराती बनवली, विटा हाताशी आणून ठेवल्या. एका विटेमागच्या १८ हालचाली साधारण पाचवर आल्या. काम वाढलं आणि कंबरही वाचली. शंभर वर्षांनी आमच्या काकांना हवं होतं ते नेमकं हेच!

फ्रँक १९२४ मध्ये अचानक गेला. मागे त्याची बायको लिलियन आणि घरभर मुलं. लिलियन स्वतः मानसशास्त्रातली डॉक्टरेट, पण बाईला कारखान्यात कोण बोलावणार? अनेक गिऱ्हाइकांनी काम काढून घेतलं. ती खचली नाही. तिने स्वयंपाकघराकडे मोर्चा वळवला. ओटा किती उंच हवा, फेऱ्या कुठे वाचतील, हे तिने ओट्याशी उभ्या राहणाऱ्या बायकांना विचारून ठरवलं. पायाने झाकण उघडणाऱ्या कचऱ्याच्या डब्याचं श्रेयही तिलाच देतात. १९३५ मध्ये ती पर्ड्यू विद्यापीठात प्राध्यापक झाली. आमच्या नोट्समध्ये टेलरला दोन पानं आणि लिलियनला अर्धी ओळ. हे बदलायला हवं.

आपल्याकडे हा व्यवसाय संस्था म्हणून उभा राहिला तो स्वातंत्र्यानंतर. १९५७ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूशन ऑफ इंडस्ट्रियल इंजिनीअरिंग, १९६३ मध्ये पवईला 'नीटी'. त्याच नीटीचं २०२३ मध्ये आयआयएम मुंबई झालं. नावातलं 'इंडस्ट्रियल इंजिनीअरिंग' गेलं. काहीजण म्हणतात, विषयच संपला. मला तसं वाटत नाही. स्टॉपवॉच फक्त आता दिसत नाही. ते गोदामातल्या स्कॅनरमध्ये आहे, पार्सल आणणाऱ्या मुलाच्या मोबाईलमध्ये आहे. पूर्वी निदान घड्याळ धरणारा साहेब समोर उभा असायचा. त्याला "खिशात ठेव" असं सांगता यायचं. अ‍ॅपला कोण सांगणार? ते अ‍ॅप लिहिणाऱ्या टीममध्ये उद्या आपल्यातलेच कोणीतरी बसणार आहेत.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. वर्क स्टडीच्या प्रत्येक रिपोर्टमध्ये एक पान सक्तीचं करा: 'कामगार काय म्हणतो'. त्याला मार्क ठेवा, म्हणजे आपण ते लिहू तरी!

आमच्या रिपोर्टमध्ये शेवटी आम्ही 'ऑपरेटर संथ' खोडलं. भंगारातल्या अँगलचं एक स्टँड वेल्ड करून घेतलं. वेळ कमी झाली, काकांचं वाकणं थांबलं. टार्गेट वाढवा, असं मात्र आम्ही कुठेही लिहिलं नाही. त्यामुळे दोन मार्क गेले असतील कदाचित.

पुढच्या लग्नात कोणी विचारलं, "इंडस्ट्रियल म्हणजे काय रे?" तर उत्तर तयार आहे. "काका, काम करणाऱ्याला वाकावं लागू नये, हे बघणं."