कड्याला देऊळ म्हणू नका

मराठीत कड्याकपारींवर लिहिणाऱ्यांना शेवटच्या परिच्छेदात हात जोडण्याची सवय जडली आहे. दोर, मेखा, घसारा यांचे वर्णन नीट चाललेले असते. माथा आला की निसर्ग हेच खरे देऊळ ठरते आणि लेख संपतो. या सवयीला आमचा स्पष्ट विरोध आहे.

निमित्त एका विद्यार्थिनीच्या निबंधाचे. घर कडक सोवळ्याचे. पाणी कोणी भरायचे, कशाला शिवायचे नाही, महिन्याचे चार दिवस कुठे बसायचे, सारे ठरलेले. पुढे ती प्रस्तरारोहण शिकली. घरी स्पर्शाने विटाळ होई. येथे स्पर्शावाचून वीतभरही वर सरकता येत नाही, असे तिने लिहिले. सह्याद्रीचा बेसॉल्ट जागोजागी ठिसूळ. खाच हाती लागली तरी आधी तळव्याने ठोकून पाहायची, आवाज पोकळ आला तर सोडायची, मगच भार टाकायचा. चढाईपूर्वी दोर सांभाळणाऱ्याने तिची गाठ तपासायची, तिने त्याचा कॅराबिनर. यात कोणाचा अवमान होत नाही. घरी मात्र ‘का?’ एवढे विचारणे हाच अवमान होता.

आमच्याच एका सहकाऱ्यांचा शेरा: ‘समारोपात समन्वय हवा.’ म्हणजे कड्यावरही देवच भेटला असे लिहावे! विश्वास तपासून ठेवायला जिला वीस वर्षे लागली, तिला तो पुन्हा डोळे मिटून ठेवायला सांगणे, याला आम्ही समीक्षा म्हणत नाही.

आता गोनीदांचे नाव पुढे केले जाईल. जरूर करावे. दांडेकर कोवळ्या वयात घर सोडून निघाले, गाडगेमहाराजांच्या सहवासात राहिले, नर्मदेची परिक्रमा पायी केली. गडांवरची त्यांची भक्ती अशी चालून मिळवलेली आहे. अनुकरण करणाऱ्यांनी तिची विशेषणे तेवढी उचलली.

आणि समन्वय निबंधात नव्हताच असे कोण म्हणेल? गाठीचे वेढे पुन्हापुन्हा मोजण्याची शिस्त आजीच्या जपमाळेतून आली, हे तिनेच नोंदवले आहे. दोरावर पाय द्यायचा नाही, हा नियमही तिला घरच्यासारखाच वाटला. फक्त त्याचे कारण सांगता येते: मातीचे कण आत रुततात, धागे झिजतात. सुट्टीत ती दोराची पिशवी देवघराबाहेरच्या पडवीत ठेवते. वडील काही विचारत नाहीत. पिशवी वाटेत आली तर वळसा घालून जातात.

निबंध येथे संपतो. दहापैकी चार गुण मिळाले.