रुग्णशय्या आणि धर्मोपदेश

मिरजेचे डॉ. वान्लेस यांचें नांव दक्षिण महाराष्ट्रांत अद्यापि आदरानें घेतलें जातें. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या या गृहस्थांनीं १८९४ सालीं तेथें रुग्णालय उघडलें. ज्या कुष्ठरोग्यास सख्खे भाऊ घराबाहेर काढीत, त्यासहि पुढें मिरजेस आसरा मिळाला. हे उपकार नाकारणें ही कृतघ्नता होय. तथापि उपकाराचा मोबदला कोणत्या नाण्यांत मागितला जातो, हें विचारण्याचा आमचा अधिकार त्यामुळें बुडत नाहीं.

मिशन-दवाखान्यांत औषधाच्या जोडीला प्रार्थना व प्रवचन हा पूर्वीं नित्यक्रमच असे. ख्रिस्तानें रोगी बरे केले व उपदेशहि केला, तेंच आम्ही करतों, असें त्याचें समर्थन होई. ठीक. परंतु १८७२ च्या करारविषयक कायद्याचें १६ वें कलम पाहावें. आजारानें किंवा शारीरिक क्लेशानें ज्याचें मन दुर्बळ झालें आहे, त्याच्यावरील वर्चस्वाचा उपयोग करून कोणी गैरवाजवी फायदा उपटला, तर तो करार त्या दुर्बळास रद्द करून घेतां येतो. चार रुपयांच्या दस्तऐवजास जो न्याय, तो मनुष्याच्या धर्मास नको काय? शस्त्रक्रियेची वाट पाहणारा शेतकरी डॉक्टरास ‘तुमचें प्रवचन नको’ असें कोणत्या तोंडानें म्हणेल?

हा आक्षेप केवळ हिंदूंचा आहे असें कोणी समजूं नये. हिंदुस्थान, ब्रह्मदेश, चीन व जपान येथील मिशनांची पाहणी करून अमेरिकेंतील प्रॉटेस्टंट गृहस्थांच्या समितीनें, प्रा. हॉकिंग यांच्या अध्यक्षतेखालीं, १९३२ सालीं असेंच मत दिलें कीं, शाळा व दवाखाने प्रत्यक्ष धर्मप्रसाराच्या जोखडांतून मोकळे करावे. पुष्कळ मिशनऱ्यांस तें रुचलें नाहीं, ही गोष्ट निराळी. सेवा हेंच ज्यांच्या ख्रिस्तीपणाचें सर्वस्व आहे, त्यांच्याशीं आमचें भांडण नाहीं. चर्चच्या प्रत्येक रुग्णालयानें आजहि स्वतःस हीच कसोटी लावावी, एवढेंच आमचें म्हणणें.

आतां स्वकीयांस चार शब्द. मिशनवर कोरडे ओढणाऱ्या धर्माभिमान्यांपैकीं किती जणांनीं कुष्ठरोग्याची जखम धुतली? वर्ध्याजवळ दत्तपूर येथें मनोहरजी दिवाण यांनीं १९३६ सालीं, व अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनीं १९४६ सालीं तें काम हातीं घेतलें, तेव्हां मिरजेच्या रुग्णालयाची चाळिशी उलटून गेली होती! देवळांवर सोन्याचे कळस चढविणाऱ्या आमच्या पेढीवाल्यांनीं तालुक्याच्या गांवीं एका शस्त्रक्रियागृहाचा व एका डॉक्टरच्या पगाराचा भार उचलून पाहावा. मग मिशनच्या दारीं जाणारा रोगी निरुपायानें नव्हे, तर आपखुषीनें जाईल.