तार जुनी होऊ द्या

कॉलेजच्या बँडमध्ये बेस गिटार कुणाच्या वाट्याला येते? लीड गिटारच्या चढाओढीत जो मागे पडला त्याच्या. यात लाजण्यासारखं काही नाही. १९६१ मध्ये स्टुअर्ट सटक्लिफने बीटल्स सोडलं तेव्हा पॉल मॅकार्टनीही काही हौसेने बेसकडे वळला नव्हता; दुसरं कुणी तयार होईना म्हणून ते काम त्याच्या गळ्यात पडलं. तर असा हा नवा बेसवादक, गिटारसोबत आलेल्या तारा गंजल्या की विचारू लागतो, ‘चांगल्या तारा कुठल्या?’ साथसंगतीवर सदर लिहितो म्हणून हा प्रश्न माझ्याकडेही येतो, आणि माझं उत्तर बहुतेकांना रुचत नाही. मराठी गाण्यांच्या साथीला बसणार असाल तर फ्लॅटवाउंड तारा घ्या, एकदा नीट लावा आणि मग वर्षानुवर्षं बदलू नका.

रुचत नाही, कारण नवी कोरी राउंडवाउंड तार छेडली की जो झणत्कार उठतो त्याने कुणीही हरखून जातं. घरात एकट्याने वाजवताना तर तो आवाज फारच श्रीमंत वाटतो. पण नव्या कोल्हापुरीची करकर जशी चालणाऱ्याला मिरवाविशी वाटते आणि सोबतच्यांना नकोशी होते, तसंच या झणत्काराचं आहे. बेसवादक एकट्याने वाजवायला बसलेला नसतो.

आधी तारेचं शरीर समजून घेऊ. बेसची सर्वांत खालची ई ची तार सेकंदाला जेमतेम ४१ वेळा कंप पावते, साध्या गिटारच्या सर्वांत जाड तारेच्या निम्मी. लांबी आणि ताण तोच ठेवून एक सप्तक खाली उतरायचं तर तारेचं वजन चौपट करावं लागतं. बेसची लांबी ३४ इंच, म्हणजे गिटारपेक्षा आठ-नऊ इंच जास्त, त्यामुळे थोडी सवलत मिळते. तरीही सलग पोलादाची तेवढी वजनदार तार इतकी ताठ होईल की तिचे उपस्वर चढेच बोलतील. म्हणून आत बारीक पोलादी गाभा ठेवतात आणि त्यावर दुसरी तार घट्ट गुंडाळतात. ही वरची तार गोल असेल तर राउंडवाउंड, फितीसारखी चपटी असेल तर फ्लॅटवाउंड. गोल गुंडाळून मग वरून घासलेला एक मधला प्रकार आहे, आणि काळ्या नायलॉनच्या पट्टीत लपेटलेला टेपवाउंडही आहे, पण खरा वाद पहिल्या दोघांतच.

लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला तेव्हा वाद नव्हताच. सगळे फ्लॅटवाउंडच लावत. नाचाच्या हॉलमध्ये डबल बेसची जागा घेणारं, उचलून नेता येईल असं वाद्य हवं होतं, आणि त्या लाकडी धुडाचा गोल, बुटका आवाज फ्लॅटवाउंडमधून बऱ्यापैकी निघत होता. झणत्कार हवासा वाटू लागला तो रॉकमुळे. ‘द हू’चा जॉन एन्टविसल हा बेसवर आघाडी लढवणारा गडी. त्याला पियानोच्या खालच्या तारांसारखा खणखणीत आवाज पाहिजे होता, म्हणून १९६६ मध्ये तो इंग्लंडच्या रोटोसाउंड कंपनीत तारा करून घ्यायला गेला. तिथून निघालेला ‘स्विंग बास ६६’ हा राउंडवाउंड संच आजही विकला जातो आणि पुढच्या अर्ध्या शतकाचा कान त्याने घडवला. त्याबद्दल तक्रार नाही. एन्टविसलच्या बँडमध्ये एकच गिटार होती, मधली पोकळी त्याला भरून काढायची होती, आणि ती त्याने भरली.

पण साथीदाराने ज्याच्याकडे पाहावं तो माणूस डेट्रॉइटमधला. जेम्स जेमरसन. मोटाउन कंपनीच्या साठच्या दशकातल्या बहुसंख्य गाजलेल्या गाण्यांचा तळ या एका माणसाच्या उजव्या तर्जनीने बांधलेला आहे. एकाच तर्जनीने, त्या बोटाला लोक ‘हुक’ म्हणत. १९६२ चा प्रिसिजन बेस, त्यावर ला बेला कंपनीच्या जाड फ्लॅटवाउंड तारा, ब्रिजच्या झाकणाखाली स्पंजाचा तुकडा. तार तुटली तरच बदलायची. घाम, तेल, धूळ सगळं त्या तारांवर साचलेलं. या सामानावर त्याने जे वाजवलं ते मात्र साधं नाही: अडखळणाऱ्या लयी, अर्ध्या सुरांनी सरकत जाणाऱ्या ओळी, गायकाला न अडवता त्याच्याशी केलेलं भांडण. एवढी नक्षी झणझणीत तारांवर कुणी काढली असती तर गाणं बुजून गेलं असतं. बुटक्या, मातकट आवाजामुळेच त्याला इतकं बोलता आलं.

साथीदाराच्या नशिबाबद्दल इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. मोटाउनच्या तबकड्यांवर वादकांची नावं छापत नसत. १९७१ मध्ये मार्व्हिन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’च्या वेष्टनावर जेमरसनचं नाव आलं, तोवर दशकभराची गाणी निनावी होऊन गेली होती. १९८३ मध्ये कंपनीच्या पंचविशीचा मोठा सोहळा झाला तेव्हा तो मंचावर नव्हता, प्रेक्षकांत होता. त्याच वर्षी तो गेला, आणि त्याच्या थोडंच आधी ती गिटारही चोरीला गेली होती. ती आजवर सापडलेली नाही. आपल्याकडच्या स्टुडिओ वादकांच्या कथा ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही. राहुल देव बर्मन यांच्या ताफ्यात बेस वाजवणारे टोनी वाझ यांचं नाव किती श्रोत्यांना ठाऊक आहे? त्यांचं वाजवणं मात्र सगळ्यांच्या कानात आहे.

आता आपल्या मंचाकडे येऊ. भावगीतांचा, नाट्यगीतांचा, जुन्या चित्रपटगीतांचा कार्यक्रम घ्या. तबला आहे, ढोलकी आहे, हार्मोनियम किंवा कीबोर्ड आहे, बासरी आहे. बेसची खरी गाठ पडते डग्ग्याशी. दोघांची घूम तळाच्या एकाच पट्ट्यात. राउंडवाउंड तार तिथे लांबत राहते, तिचे वरचे उपस्वर हार्मोनियमच्या स्वरांत घुसतात, आणि मग साउंडवाला वैतागून बेसचा आवाज इतका खाली नेतो की वादकाने यायचीच गरज नव्हती. फ्लॅटवाउंडचा ठोका गोल बसतो, वरचे उपस्वर चटकन विरतात, आणि डग्ग्याच्या मींडेला बोलायला जागा राहते. बोटं सरकताना खरखर होत नाही, हेही हळुवार गाण्यात काही कमी नाही. तळाचा स्वर कीबोर्डवाल्याच्या डाव्या हाताकडे सोपवून बेसवादकाला घरी बसवायची पद्धत आपल्याकडे पडली त्यामागे मानधनाचं कारण आहेच. पण बेसवादक आपला झणत्कार आवरत नाहीत, हेही आहे.

दुसरा मुद्दा पट्टीचा, आणि याबद्दल परदेशी पुस्तकं तुम्हाला काही सांगणार नाहीत. बेसच्या मोकळ्या तारा ई, ए, डी, जी. आपले बरेच गायक काळी एक-दोनमध्ये गातात, गायिका काळी चार-पाचमध्ये. काळी दोनचा खरजातला षड्ज ई च्या मोकळ्या तारेच्या बरोबर अर्धा स्वर खाली पडतो, म्हणजे हाताशी येऊन निसटतो. मग ए च्या तारेवर सहाव्या फ्रेटवर जाऊन वरच्या सप्तकातला सा वाजवत बसायचं, आणि गाण्याखालची जमीन कुठे गेली म्हणून विचारत राहायचं. उपाय सोपा आहे. सगळी गिटार अर्धा स्वर उतरवा. काळी दोनचा सा सर्वांत खालच्या मोकळ्या तारेवर येतो. गंमत म्हणजे त्याच जुळणीत काळी चारची गायिका आली तर दुसरी तार मोकळी सा, तिच्याखालची मोकळी पंचम आणि तिच्यावरची मोकळी मध्यम! तंबोऱ्याला जे लागतं ते सगळं बोट न ठेवता हजर.

अट एकच. अर्धा स्वर उतरवला की ताण दहा-अकरा टक्क्यांनी कमी होतो, तारा ढिल्या पडून फ्रेटवर आपटू लागतात. इथे तारेची जाडी ठरवायची वेळ येते. पाकिटावर ४५-१०५ असे आकडे असतात, ते इंचाचे हजारावे भाग: सर्वांत बारीक तार ०.०४५ इंच, सर्वांत जाड ०.१०५. नेहमीच्या जुळणीला हा संच ठीक. अर्धा स्वर उतरवणार असाल तर जाड बाजू ११० ची घ्या, गेलेला ताण जवळजवळ भरून निघतो. काळी एकला मात्र खालच्या सा साठी दीड स्वर उतरावं लागेल. तो नाद सोडा आणि पाच तारांची बेस घ्या. तिच्या बी च्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला तो सा मिळतो. ही पाचवी तार साधारण १२५ ते १३० ची असते आणि सेकंदाला ३१ कंपनं करते. स्वस्तातल्या ॲम्पवर ती ऐकू येत नाही, नुसतं टेबल थरथरतं.

आता ज्यांना माझं ऐकायचं नाही त्यांच्या बाजूने. अंगठ्याने तार ठोकून वाजवायची लॅरी ग्रॅहमची परंपरा पुढे न्यायची असेल तर राउंडवाउंडला पर्याय नाही. तिथे झणत्कार हाच ताल आहे. मुंबईच्या मोहिनी डेसारखी बेस पुढे येऊन बोलणार असेल तर तिला वरचे उपस्वर पाहिजेतच. जॅको पॅस्टोरियसने तर फ्रेट काढून टाकलेल्या बेसवर स्विंग बास ६६ लावल्या, आणि त्या खरखरीत तारा लाकूड कुरतडतात म्हणून गळ्यावर होडीला लावायच्या इपॉक्सीचा थर दिला. १९७६ च्या त्याच्या पहिल्या तबकडीतला तो गाता आवाज त्या तारांशिवाय निघाला नसता. उलट आयर्न मेडनसारख्या कडक बँडमध्ये स्टीव्ह हॅरिस फ्लॅटवाउंडच वाजवतो. तेव्हा ‘रॉकला गोल, बाकीच्यांना चपटी’ हा दुकानातला हिशेबही खरा नाही.

राउंडवाउंडच घ्यायच्या ठरल्या तर कोकणपट्टीत आणि गोव्यात एक गोष्ट लक्षात ठेवा. गोल गुंडाळीच्या फटींत घाम आणि मळ शिरतो, वरून खारी हवा, त्यामुळे पावसाळ्यात नवा संच बघता बघता मुका होतो. स्टेनलेस स्टीलच्या तारा गंज जास्त सोसतात पण फ्रेट खातात. निकेलचा मुलामा दिलेल्या तारा बोटाला आणि फ्रेटला मऊ. पातळ थर चढवलेल्या तारा महाग असतात, मात्र किनारपट्टीवर ते पैसे वसूल होतात. तारा उकळून पुन्हा चकचकीत करायचा जुना उद्योग आहे. मळ निघतो, आवाज परत येतो, पण फार टिकत नाही. त्यापेक्षा वाजवून झाल्यावर सुती फडक्याने पुसलेलं बरं.

फ्लॅटवाउंड संच राउंडवाउंडपेक्षा चांगलाच महाग पडतो आणि बऱ्याचदा मागवून घ्यावा लागतो. वर्षानुवर्षं बदलायचा नाही म्हटल्यावर किमतीचं दुखणं उरत नाही. मागवताना लांबी सांगा. ३४ इंची बेसच्या तारा मॅकार्टनीच्या हॉफनरसारख्या ३० इंची बेसला लावल्या तर जाड गुंडाळी खुंटीवर येऊन चिरडते. तारा गिटारच्या अंगातून मागून ओवायच्या असतील तर तेही सांगा, जास्त लांबीच्या लागतात. कापण्याआधी तार खुंटीपाशी काटकोनात वाकवा आणि मग कापा, विशेषतः आतला गाभा गोल असेल तेव्हा. नाहीतर गुंडाळी सैल होऊन तार जागीच मरते. चार तारा मिळून गळ्यावर सत्तर-ऐंशी किलोंची ओढ असते. जाडी बदलली की ओढ बदलते, गळा वाकतो किंवा मागे जातो, तेव्हा ट्रस रॉड पाव फेऱ्याहून जास्त एकदम फिरवू नका. नटच्या खाचेत नवी जाड तार नीट बसते का तेही पाहा. हे जमत नसेल तर कारागिराकडे न्या.

आणि काढलेला जुना संच फेकू नका. गुंडाळून पाकिटात घाला, वर कुठली तार कुठली ते लिहा आणि गिटारच्या पिशवीत टाकून ठेवा. कार्यक्रमात मध्येच ए ची तार तुटली तर तीन मुरलेल्या तारांत एक कोरी तार लावल्यावर प्रत्येक वेळी तिच्यावर बोट पडलं की श्रोता दचकतो. त्या वेळी पाकिटातली जुनीच लावायची.