मतपेटीबाहेर ठरलेला निकाल

अमेरिकेत दर चार वर्षांनी अध्यक्षाची निवडणूक होते आणि दर वेळी ती ‘ऐतिहासिक’ असल्याची द्वाही फिरवली जाते. पाठ्यपुस्तके त्यातल्या त्यात संयमी. ती १८६० ची लिंकन यांची आणि १९३२ ची रूझवेल्ट यांची, अशा दोन निवडणुकांवर सारा भर देतात. दोन्ही मोठ्या होत्या, यात शंका नाही. पण या दोहोंच्या मध्ये १८७६ ची एक निवडणूक उभी आहे. तीत निवडून आलेले रदरफर्ड हेज आज फारसे कोणाच्या स्मरणात नाहीत. अमेरिकेतील श्रमिकांचे भवितव्य मात्र त्याच निवडणुकीने पुढील जवळजवळ नव्वद वर्षे जखडून ठेवले.

त्या वर्षी डेमोक्रॅटिक पक्षाच्या टिल्डन यांना सुमारे अडीच लाख मते अधिक पडली. (हे मताधिक्यही निर्मळ नव्हते, दक्षिणेत कृष्णवर्णीय मतदारांना बंदुकीच्या धाकाने घरी बसवले गेले होते.) निर्वाचक मंडळात टिल्डन यांची मते १८४, हेज यांची १६५ आणि वादग्रस्त मते २०. काँग्रेसने पंधरा जणांचा आयोग नेमला. आयोगाने आठ विरुद्ध सात अशा निव्वळ पक्षीय मतांनी वीसच्या वीस मते हेज यांच्या पदरात टाकली. डेमोक्रॅटांनी हे मुकाट्याने का गिळले? पडद्याआडच्या सौद्याच्या तपशिलावर इतिहासकारांचे एकमत नाही. पण एप्रिल १८७७ मध्ये काय घडले, यावर वाद नाही. दक्षिणेतील कोलंबिया आणि न्यू ऑर्लिन्स येथील सरकारांच्या संरक्षणासाठी असलेले संघराज्याचे सैन्य हेज यांनी बराकीत परत धाडले आणि नुकत्याच मुक्त झालेल्या गुलामांना त्यांच्या जुन्या धन्यांच्या हवाली केले. त्यानंतर अवघ्या तीन महिन्यांनी मार्टिन्सबर्ग येथे मजुरीकपातीविरुद्ध रेल्वे कामगारांचा संप सुरू होऊन देशभर पसरला. तेव्हा मात्र याच हेज यांनी संपकऱ्यांवर संघराज्याचे सैन्य पाठवले. नागरिकाच्या मताचे रक्षण करण्यास नसलेले सैन्य रेल्वेमालकांसाठी तत्काळ उपलब्ध झाले!

या सौद्याची फळे सावकाश पिकली. लुइझियानात १८९६ मध्ये एक लाख तीस हजार कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. नवी राज्यघटना करून त्यांना गाळल्यावर १९०४ मध्ये उरले १,३४२.

शेतकऱ्यांच्या पॉप्युलिस्ट पक्षाचा घात येथेच झाला. १८९२ मध्ये ओमाहा येथे या पक्षाने रेल्वेची सरकारी मालकी आणि चढता प्राप्तिकर मागितला आणि दहा लाखांवर मते मिळवली. दक्षिणेत गोऱ्या व काळ्या गरीब शेतकऱ्यांना एकत्र आणण्याचा प्रयत्नही त्याने काही ठिकाणी केला. १८९६ मध्ये मात्र या पक्षाने डेमोक्रॅटांच्या ब्रायन यांनाच आपला उमेदवार मानले आणि साऱ्या कार्यक्रमातून ठळक उरली ती चांदीची मुक्त नाणेपाडणी. भाव घसरत असताना कर्जबाजारी शेतकऱ्याची ही मागणी वावगी नव्हती. (१८९३ मध्ये इंग्रज सरकारने मुंबई-कलकत्त्याच्या टाकसाळी चांदीला बंद केल्यावर तर चांदी आणखीच कोसळली होती.) पण ज्या पक्षाशी हातमिळवणी केली, त्याची दक्षिणेतील सूत्रे जमीनदारांच्या हाती होती. समोर मॅकिन्ले यांच्यासाठी मार्क हॅना यांनी बँका आणि तेल कंपन्यांकडून सुमारे पस्तीस लाख डॉलर गोळा केले होते. ब्रायन हरले, पॉप्युलिस्ट पक्ष तर संपलाच.

आता १९३२. बेकारीने पिचलेल्या जनतेने रूझवेल्ट यांना ४७२ विरुद्ध ५९ अशा निर्वाचक मतांनी निवडले. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने वृद्धांना निवृत्तिवेतन आणि वॅग्नर कायद्याने कामगारांना संघटनेचा हक्क दिला. मात्र या दोन्ही कायद्यांतून शेतमजूर आणि घरकामगार वगळले गेले. दक्षिणेतील बहुसंख्य कृष्णवर्णीय श्रमिक याच दोन कामांत होते. काँग्रेसच्या समित्यांवर ठाण मांडून बसलेल्या दक्षिणेतील डेमोक्रॅटांना दुखावून कायदा संमत होणे कठीण होते आणि त्या सभासदांना निवडून देणाऱ्या यादीत या मजुरांची नावेच नव्हती. रूझवेल्ट यांचे गोडवे गाणाऱ्यांनी १९३२ चे यश जरूर सांगावे, पण त्याची कुंपणे १८७७ मध्ये घातली गेली होती, हेही सांगावे.

ती नावे यादीत परत आली ती १९६५ च्या मताधिकार कायद्याने, सेल्माच्या पुलावर पोलिसांच्या लाठ्या खाणाऱ्यांमुळे. मतदानाचे नियम बदलण्यापूर्वी प्रामुख्याने दक्षिणेतील राज्यांना केंद्राची संमती घ्यावी लागे, ही त्या कायद्यातील तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निष्प्रभ केली.